भांगाच्या दिवसांतली यात्रा

डहाणूच्या महालक्ष्मीच्या यात्रेवर लिहिणारे बहुतेक जण देवळापासून सुरुवात करतात. डोंगरावरचं मूळ ठाणं, पायथ्याचं विवळवेढ्याचं मंदिर, जव्हारच्या मुकणे घराण्याकडून येणारा झेंडा, तो मध्यरात्री डोंगरावर चढवणारे वाघाडीचे पुजारी. हे सगळं सांगण्यासारखं आहेच. पण मी पालघरच्या किनाऱ्यावरच्या दांडीची, मांगेला कोळ्यांच्या घरात जन्मलेली, आणि पुढे नोकरीभर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवत राहिलेली. आमच्या किनाऱ्यावरून निघालेल्या माणसाला देऊळ सगळ्यांत शेवटी भेटतं. त्याआधी बोईसर भेटतं, गवताचे माळ भेटतात, पाडे भेटतात, सूर्या नदी भेटते. घरातली बायकापोरं, म्हातारीकोतारी वर्षातून एकदा समुद्राकडे पाठ करून ज्या वाटेने जात, त्या वाटेचा इतिहास कुणी लिहिलेला माझ्या वाचनात आला नाही. म्हणून तो मांडते आहे.

यात्रा चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी सुरू होते आणि १५ दिवस चालते. डहाणू तालुक्यातलं विवळवेढे हे गाव आज मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून आहे. चारोटी नाका सोडला की थोड्याच अंतरावर. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कुणबी, भंडारी, मांगेला, गुजरातच्या सीमेपलीकडचे आदिवासी, अशा सगळ्यांची ही देवी. बाहेरच्यांना वाटतं, यात्रा पौर्णिमेला भरते म्हणजे सगळे पौर्णिमेलाच जात असतील. आमच्या घरात तसं कधी नव्हतं. आमची मासेमारी डोलीची. समुद्रात खुंट ठोकायचे, त्यांना तोंडाशी रुंद आणि मागे निमुळतं होत जाणारं जाळं बांधायचं आणि पाण्याच्या ओढीने मासळी आत येऊ द्यायची. ही ओढ असते उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे. चैत्री पौर्णिमेचं उधाण अंगावर असताना, जाळ्यात करंदी-जवळा येत असताना कोण घर सोडणार? अष्टमीच्या सुमाराला भांग लागतो, पाणी मंदावतं, डोलीला काम उरत नाही. तेव्हा पुरुष माणसं मोकळी होतात. त्यामुळे आमची यात्रा वद्य अष्टमीच्या आसपासची. आजी तिथी विचारायची नाही. “भांग लागला का?” एवढंच विचारायची, आणि होय म्हटलं की बोचकी बांधायला घ्यायची.

यात्रेला जाण्यामागे नवस होता, हौस होती आणि आगोटही होती. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की किनाऱ्यावर पैसा येत नाही. तेव्हा चैत्र-वैशाखातच चार महिन्यांची बेगमी करून ठेवायची. तांदूळ, मिरची, सुपं, टोपल्या, कणग्या, पावसासाठी इरली. यातलं बरंचसं डोंगराकडून यायचं. आणि डोंगराकडच्या लोकांनाही पावसाळ्यासाठी काही तरी लागायचंच. त्यांना लागायची सुकी मासळी. शेतावर राबून आलेल्या माणसाला नाचणीच्या भाकरीबरोबर भाजलेला बोंबील किंवा जवळ्याची चटणी मिळाली की जेवण झालं. म्हणजे समुद्राकडच्या घराला जे हवं ते डोंगराकडे होतं, डोंगराकडच्या घराला जे हवं ते समुद्राकडे होतं, आणि दोघांची पावसाळ्याआधीची गाठ पडण्याची जागा देवीच्या पायथ्याशी होती. भक्तीचा भाग मी कमी लेखत नाही. माझी आजी देवळाच्या पायरीवर डोकं टेकवताना रडायची, ते मी पाहिलेलं आहे. पण १५-१५ दिवस यात्रा टिकते, पिढ्यान्‌पिढ्या टिकते, ती अशा गरजेच्या पायावर टिकते असं मला वाटतं.

आजीच्या तरुणपणापासून माझ्या अगदी लहानपणापर्यंत वाट बैलगाडीची होती. आमच्या लोकांकडे बैल नसायचे. गाडी शेजारच्या गावच्या कुणब्याची, भाड्याने घेतलेली. भाड्यातला काही भाग बोंबलाच्या रूपात. गाडीत म्हाताऱ्या, लहान पोरं आणि मासळीच्या करंड्या, बाकीचे पायी. अष्टमीचा चंद्र मध्यरात्री उगवतो, त्यामुळे निघणं त्या वेळचं. उन्हाच्या आत जास्तीत जास्त वाट कापायची आणि दुपार एखाद्या आंब्याखाली काढायची. बोईसरची रेल्वे ओलांडून पूर्वेला गेलं की उजाडता उजाडता माळ लागायचा.

हा माळ म्हणजे आमच्या जिल्ह्याची अर्धी कहाणी आहे. पालघर, डहाणू, वाडा या पट्ट्यात भातशेतीच्या वरच्या अंगाला जी वरकस जमीन पसरली आहे, तिच्यावर पावसाळ्यानंतर पुरुषभर गवत उभं राहतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला त्याची कापणी होते. चैत्रात तिथून जाणाऱ्याला पिवळे खुंट, जागोजागी रचलेल्या गंज्या आणि मधूनमधून राब भाजल्याचा धूर दिसतो. पळस फुलून गेलेला असतो, पांगाऱ्यावर लाल फुलं असतात, सावरीची बोंडं फुटून कापूस वाऱ्यावर उडत असतो. आणि मोह. मोहाची फुलं पहाटे गळतात. वारली बाया आणि पोरं झाडाखाली वाकून ती टोपलीत वेचत असतात, आणि त्या वासाने गाडीतली झोपलेली पोरंही जागी होतात. मला स्वतःला अष्टमीची ती पहाट अजून चांगली आठवते, कारण समुद्राच्या वासात वाढलेल्या मुलीला तो गोड, आंबूस वास पूर्ण परक्या मुलुखाचा वाटायचा.

मोहाची ही फुलं वेचणं इंग्रज सरकारने गुन्ह्याच्या हद्दीत आणलं होतं. १८९२ च्या मोहाच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं बाळगण्यावर बंधनं आली, कारण फुलांपासून घरी दारू निघाली तर अबकारी बुडत होती. त्याआधी १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडी-दारूची घडी बदललीच होती. दारू मक्त्याची झाली, दुकानं दुसऱ्यांच्या हाती गेली आणि आदिवासी त्या दुकानांचा ऋणको झाला.

गवताचंही तसंच झालं. १८६४ मध्ये मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग सुरू झाला आणि आमच्या माळाला मुंबईचं गिऱ्हाईक मिळालं. मुंबईत घोडागाड्या होत्या, गाई-म्हशींचे तबेले होते. त्या जनावरांना रोज वैरण लागायची. गवत दाबून त्याच्या गाठी बांधायच्या, स्टेशनावर आणायच्या, वाघिणीत भरायच्या. माळावर नुसतं उगवणारं गवत पैशाचं पीक बनलं, आणि ते बनताच माळ कुणाचा हा प्रश्न उभा राहिला. कर्जापायी, कागदावरच्या अंगठ्यापायी माळ सावकार-जमीनदारांच्या नावावर चढत गेले. ज्याच्या आज्याने तिथे गुरं चारली तो त्याच माळावर मजुरीने गवत कापू लागला; पुष्कळदा मजुरीही नाही, वेठ.

या वेठीविरुद्ध पुढे जे झालं, तो यात्रेच्या वाटेवरचा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे आणि तो मी घाईने सांगणार नाही. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे वारली कार्यकर्ते गेले. २३ मे १९४५ ला तलासरी भागातल्या झरीला आदिवासींची सभा झाली आणि वेठ करायची नाही, असा ठराव झाला. पावसाळा सरून गवत कापणीला आलं तेव्हा मागणी ठरली: ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. कापणी थांबली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा इथे जमलेल्या हजारो आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा काळ लिहून ठेवला आहे. मी शिकवत असताना पालघर-डहाणूच्या किती तरी शिक्षकांनी ते वाचलेलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटत आलं आहे. आपल्या वर्गात बसलेल्या पोराच्या आजीने काय सोसलं, कशासाठी ती उभी राहिली, हे माहीत नसेल तर त्या पोराला आपण काय शिकवणार?

आजी राजकारणातली नव्हती. तिला साल माहीत नव्हतं. पण “गवताच्या भांडणानंतर” असा एक काळ तिच्या बोलण्यात यायचा. त्याआधी पाड्यावरच्या बाया मासळीच्या बदल्यात वस्तू द्यायच्या आणि भाव आमच्या बायकांनी सांगायचा. भांडणानंतरच्या यात्रेला त्या पदरात नाणी बांधून आल्या आणि भाव त्यांनी विचारला, घासून विचारला, पटला नाही तर पुढच्या करंडीकडे गेल्या. आजीला तेव्हा राग आला होता. पुढे तीच गोष्ट ती अभिमानाने सांगायची.

तो सौदा मी जवळून पाहिलेला आहे. यात्रेत सुक्या मासळीची स्वतंत्र ओळ. आजी गोणपाटावर बसायची, पुढे तीन ढीग. डावीकडे बोंबील, मधे करंदी, उजवीकडे जवळा. बोंबील मोजून, जवळा मापाने. गिऱ्हाईक वारली बाई. ती आधी ढिगातला एक बोंबील उचलून मोडायची. कटकन मोडला तर उन्हात खणखणीत वाळलेला. नुसता वाकला तर दमट, पावसाळ्यात बुरशी धरणार. मग जवळा. चिमूट तोंडात टाकून दाताखाली वाळू लागते का बघायची, कारण जवळा पुळणीवर वाळवला की वाळू येते. आजी जवळा शेणाने सारवलेल्या खळ्यावर वाळवायची आणि ते ठासून सांगायची. माप भरताना मापावर शीग यायलाच हवी. ती शीग हाताने सपाट करू लागली की समोरची बाई तिचं मनगट धरायची. “बय, हात नको मारू!” दोघी हसायच्या. मग शिगेवर आणखी एक मूठ पडायची. त्या बाईच्या शेजारी बांबूच्या कामाची चळत असायची: सुपं, टोपल्या, पानांनी विणलेली इरली. आमच्या घरातलं सूप वर्षानुवर्षं एकाच पाड्यावरून आलं. त्या घरी लग्न निघालं की बोंबलाची जुडी जायची. एका वर्षी आमच्या पोरीच्या लग्नात तिकडच्या बाया चौक लिहायला आल्या होत्या. तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषांतली पालघट देवी आमच्या कोळी घराच्या भिंतीवर दोन पावसाळे राहिली.

देवी आणि माणसं यांची ये-जा एकाच दिशेने होत होती, असं मात्र नाही. १९२२ च्या सुरुवातीला पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावर, मांगेला कोळ्यांमध्ये, देवीच्या रोगाची साथ शमवण्यासाठी विधी सुरू झाले. अंगात वारं यायचं, देवी बोलायची. ही देवी किनाऱ्यावरून निघून डोंगरातल्या आदिवासींमध्ये गेली, एका गावाने दुसऱ्या गावाकडे पोचवत नेली, आणि वर्ष संपण्याआधी थेट सुरत जिल्ह्यात पोचली. जाता जाता तिचं बोलणं बदललं. दारू सोडा, ताडी सोडा, मांसमच्छी सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या दुकानदाराकडे कामाला जाऊ नका, असं ती सांगू लागली. साथीची देवी कर्जाच्या आणि व्यसनाच्या विरोधात उभी राहिली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या चळवळीवर पुस्तक लिहिलं (१९८७) आणि तिचा उगम शोधत तो आमच्या किनाऱ्यापर्यंत आला. मी ते वाचलं तेव्हा रात्रभर जागी होते. आमच्या लोकांच्या तोंडून निघालेली देवी शेकडो गावं चालून गेली, आणि आमच्या गावात ते कुणालाच ठाऊक नाही! ती महालक्ष्मी नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. पण ज्या वाटांनी सुकी मासळी डोंगरात जात होती, ज्या ओळखी यात्रेत होत होत्या, त्याच माणसांमधून ती गेली असणार, असं मला ठामपणे वाटतं.

वाटेवर पाणी ओलांडावं लागे. चैत्रात सूर्या नदी गुडघाभर. गाड्या उतारावरून पाण्यात घालायच्या, बैलांना पाणी दाखवायचं, पोरांना अंघोळी घालायच्या. नदीतल्या मोठमोठ्या खडकांची गोष्ट इथेच सांगितली जायची. भीमाने देवीला मागणी घातली. एका रात्रीत नदीला बांध घालशील तर हो म्हणेन, असं देवी म्हणाली. बांध होत आला तेव्हा तिने कोंबड्याची बांग दिली. उजाडलं असं समजून भीम काम टाकून गेला. पोरींना ही गोष्ट फार आवडायची, मलाही.

अशा नद्या ओलांडत जाणाऱ्या प्रवाशाची सोय हा आमच्या पट्ट्यातला जुना धर्म आहे, याचा पुरावा १९५५ मध्ये तारापूरच्या खाडीपलीकडे, चिंचणीला सापडला. तिथे मिळालेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे; राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळातला. संयानचा, म्हणजे आजच्या संजाण भागाचा कारभार तेव्हा मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत रूप. या मुसलमान अधिकाऱ्याने दोन नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि वाटसरूंसाठी अन्नछत्र घातलं, जिथे तांदळाचा भात, कालवण आणि तूप मोफत मिळे, असं त्या ताम्रपटात लिहिलं आहे. देवीच्या मठिकेला दान दिल्याची नोंदही त्यातच आहे. हजार वर्षांपूर्वी इथे कोण कुठे निघालं होतं ते ताम्रपट सांगत नाही, पण वाटा वाहत्या होत्या आणि त्यांवरून जाणाऱ्याला जेवू घालणं हे राज्यकारभाराचं काम मानलं जात होतं, एवढं त्यातून दिसतं.

   

माझ्या लहानपणी बैलगाडी सुटली आणि एसटी आली. यात्रेच्या जादा गाड्या, टपावर करंड्या, वासावरून कंडक्टरशी वाद. दुपारचा आंबा गेला, नदीतली अंघोळ गेली. पण देवळाशी अर्धा दिवस जास्त मिळू लागला आणि आजीसारख्या गुडघे धरलेल्या बाईला दरवर्षी जाता आलं, हे मी नाकारणार नाही. २८ ऑक्टोबर १९६९ ला तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, देशातलं पहिलं. त्याच्या आगेमागे बोईसरच्या पश्चिमेला औद्योगिक वसाहत वाढली. आमच्या वाटेचा पहिला टप्पा, दांडी ते बोईसर, आता कारखान्यांच्या मधून जातो. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीच्या वेळी आमच्या शेजारची पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. त्या गावांतली माणसंही यात्रेला जायची. गाव उठलं तरी ती पुन्हा एकत्र भेटतात ती देवीच्या पायथ्याशी, पुनर्वसनाच्या नव्या वसाहतीपेक्षा जास्त मोकळेपणाने. बोईसरला कामाला आलेल्या बिहार-उत्तर प्रदेशाकडच्या कुटुंबांनाही आता यात्रेत पोरांना खांद्यावर घेऊन फिरताना पाहते. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली, तेव्हापासून मुंबईकडची गर्दीही वाढली. पाळणे, मौत का कुआँ, प्लास्टिकची खेळणी आहेत. सुक्या मासळीची ओळही आहे. बांबूची सुपं कमी झाली, पण आहेत.

आता या पट्ट्यावर आणखी मोठी कामं आली आहेत. बुलेट ट्रेन, मुंबई-बडोदा द्रुतगती मार्ग, आणि ज्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली ते वाढवण बंदर. बंदरापासून महामार्गाकडे जाणारा रस्ता समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या याच पट्ट्यातून जाणार. किनाऱ्यावरच्या माणसांचा बंदराला विरोध का आहे, हे पालघर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको, माझाही आहे. या लेखात मागणी मात्र एवढीच करते. भूसंपादनाच्या नकाशावर सर्व्हे नंबर असतात. गाड्या जिथे उतरायच्या ते नदीचे उतार, मुक्कामाचे आंबे, पाणी पाजणारे पाडे त्या नकाशावर नसतात. त्यांची नावं सांगू शकणाऱ्या बाया दांडीत, उच्छेळीत, नवापुरात, मुरब्यात अजून आहेत, ऐंशीच्या पुढच्या. पलीकडच्या पाड्यांवरही आहेत. आमच्याकडच्या शाळांनी आणि महाविद्यालयांनी येत्या चैत्राआधी मुलांना वह्या देऊन त्यांच्याकडे पाठवावं. दोन्हीकडच्या बायांकडे पाठवावं, कारण माळावरून जाताना आम्ही गाडीत होतो आणि त्या वाकून मोह वेचत होत्या. वाट तीच असली तरी त्यांना दिसलेलं वेगळं असणार. वह्या भरल्या की त्या यात्रेतच, मासळीच्या ओळीशेजारी मांडाव्यात. जागा मी मिळवून देईन.